तीन चौकोन एका रांगेत

६ जानेवारी

मामा,

नमस्कार. भिंतीकडे तोंड करून केलाय, कारण तुमचं घर त्या बाजूला असावं असा माझा अंदाज आहे. दीड वर्षात मी पत्र टाकलं नाही, तुम्हीही नाही. फिट्टंफाट. आता मात्र काम पडलंय.

इथे तुरुंगात कॉम्प्युटरची खोली सुरू झालीय. सहा मशीन, सहा कैदी. बाहेरून एक मॅडम दर मंगळवारी येऊन वेबपेज बनवायला शिकवतात. त्या सहा जणांना जूनपासून झोपायलाही वरच्या मजल्यावर वेगळी खोली मिळणार, दाराशी पहारेकरी. पाच माणसं ठरली. सहाव्या जागेसाठी वीस मेला परीक्षा आहे. एक तासात मशीनवर पान बनवून द्यायचं. मला ती जागा पाहिजे. का ते विचारू नका.

परीक्षेपर्यंत मशीनला हात लावू देत नाहीत. पुस्तक एकच आहे आणि त्याची पहिली साठ पानं कुणीतरी विड्या वळायला वापरलीत. म्हणजे सगळं कागदावरच शिकायचं. मॅडम म्हणाल्या, पान म्हणजे शेवटी चौकोनच असतात, कुठला चौकोन किती जागा खातो हे ज्याला कळलं तो पास. मला कळत नाही. तुम्हाला कळतं. शिकवा.

कोपऱ्यात डाग दिसेल तो रक्ताचा आहे. घाबरू नका, नळावर ओठ आपटला.

आई कशी आहे?

तुमचा भाचा


१७ जानेवारी

भाचेबुवा,

आशीर्वाद. पाकिटात मावले तेवढे कोंबलेत.

तुझी आई बरी आहे, गुडघे सोडून. दीड वर्ष तोंड लपवण्याला फिट्टंफाट म्हणतात हे मला नव्याने कळलं. आणि ओठ नळावर आपटला म्हणतोस, तर नळ काय उडी मारून आला? पुन्हा कुणाच्या तरी अंगावर धावून गेला असशील. तुझं डोकं तव्यासारखं, कोणीही हात लावला की चर्रर.

असो. मागितलंस ते देतो. पण एक ऐक. मला हे कुणी शिकवलेलं नाही. छापील फ्लेक्स आले आणि बोर्ड रंगवायचा धंदा बसला तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. टायरच्या दुकानावरची ही खोली, तिच्यात रबराचा वास, एक जुनं मशीन आणि एक डिक्शनरी. एकेका शब्दाला अर्धा दिवस. आज दातांच्या दवाखान्यापासून ड्रायव्हिंग स्कूलपर्यंत सगळ्यांची पानं माझ्या हातची आहेत आणि एकातही रेघ इकडची तिकडे सापडणार नाही. तेव्हा मी सांगेन तसंच शिकायचं. पळवाटा नाहीत.

पानावरची प्रत्येक गोष्ट चौकोन असते. मजकूर असो, फोटो असो, बटण असो. त्या चौकोनाला चार थर. सगळ्यात आत मजकूर, त्याची रुंदी म्हणजे विड्थ. विड्थ म्हणजे फक्त मजकुराची रुंदी, हे कोरून ठेव. त्याच्याभोवती पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा, मजकूर रेघेला चिकटू नये म्हणून. चौकोनाला रंग दिलास की तो पॅडिंगमध्येही पसरतो. पॅडिंगभोवती बॉर्डर, म्हणजे चौकट, आणि चौकटीला जाडी असते. बॉर्डरच्या बाहेर मार्जिन, म्हणजे शेजाऱ्यापासूनचं अंतर. त्याला रंग नसतो, पण जागा खातं. अजून एक. दोन चौकोन एकाखाली एक असले आणि त्यांची मार्जिनं भिडली तर त्यांची बेरीज होत नाही. मोठं तेवढं उरतं, लहान गिळलं जातं. आडव्या रांगेत मात्र दोन्ही जशीच्या तशी राहतात.

गृहपाठ. पान ९६० पिक्सेल रुंद. त्यात तीन सारखे चौकोन एका रांगेत बसवायचे, एक पिक्सेल कमी नाही, एक जास्त नाही. प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी पॅडिंग वीस, बॉर्डर पाच, मार्जिन दहा. विड्थ किती लिहिशील?

मामा


२ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र ऑफिसातून आलेलं नाही. धोबीखान्याची गाडी चालवणारा माणूस बाहेर पोस्टात टाकतो. तुमची पत्रं मात्र साहेब आधी वाचतात, तेव्हा उत्तरात जपून.

नळाला उडी मारता येत नाही, कबूल. आमच्या बराकीत साठ माणसं आणि एक मुकादम. तोही कैदीच, पण बराक त्याची. मोज्यात साबणाची अख्खी वडी घालून गाठ मारतो. मी आल्यापासून महिन्यातून एकदा तरी माझी पाळी येते. कारण लागत नाही. दोघे दंड धरतात आणि तो मोजा गरगर फिरवून बरगड्यांवर घालतो, म्हणजे वरून खूण दिसत नाही. गेल्या खेपेला नेम चुकून ओठ फुटला, तर तोंड मध्ये का आणलंस म्हणून पुन्हा चार दिले. माझ्या आधी त्याची मर्जी ज्याच्यावर होती तो माणूस गेल्या वर्षी पोटात रक्त होऊन मेला. कागदावर लिहिलं, चक्कर येऊन पडला. माझी अजून पाच वर्षं बाकी आहेत. एवढा मी पुरणार नाही.

म्हणून ती जागा. मी कुणाच्या अंगावर धावून गेलो नव्हतो. यापुढे आपण त्याला नळच म्हणू.

तुमचं मार्जिनचं वाचलं, मोठं उरतं आणि लहान गिळलं जातं ते. बराकीत हे वेगळं शिकवावं लागत नाही.

गृहपाठ. ९६० भागिले तीन, ३२०. दोन्हीकडची मार्जिनं वजा, ३००. विड्थ ३००. बरोबर ना?

तुमचा भाचा


१३ फेब्रुवारी

भाच्या,

बरोबर? शेण खाल्लंस शेण.

विड्थ म्हणजे फक्त मजकूर, असं कोरून ठेवायला सांगितलं होतं. तुझे ३०० हे मजकुराचे. त्याला पॅडिंग वीस आणि वीस, ३४०. बॉर्डर पाच आणि पाच, ३५०. मार्जिन दहा आणि दहा, ३७०. दोन चौकोनांचे झाले ७४०. पानात उरले २२०. आता ३७० चा गडी २२० च्या फटीत शिरेल का? तो खाली पडतो, पुढच्या रांगेत. गिऱ्हाईक पान उघडतं तेव्हा दोन चौकोन वर आणि तिसरा खाली लोंबतोय, जणू घरातून हाकलून दिलाय.

तुझी चूक जुनीच आहे. धंदा बसल्यावरही अधूनमधून एखादं बोर्डाचं काम घ्यायचो, त्यातला तो शेवटचा सहा फुटी बोर्ड आठवतो? खांबाखांबात अंतर सहा फूट दोन इंच. बोर्ड सहा फूट, आणि लाकडी चौकट दोन्हीकडून दोन-दोन इंच. चौकट धरलीच नव्हती! भर चौकात शिडीवर चढून मी बसवायला गेलो तर तो अडकला, ना आत ना बाहेर, आणि खाली गर्दी. तेव्हा तुझ्या कानाखाली जी ठेवून दिली ती मापासाठी. त्यानंतर तू समोरच्या रंगाऱ्याचं जे केलंस ते तुझ्या डोक्यातल्या आगीने केलंस. माणूस नुसता हसला तर त्याच्या तोंडावर लोखंडी पाइप घालतात? डोळा गेला त्याचा. त्याचा आणि मापाचा काही संबंध नाही.

पुन्हा कर. बाहेरून आत ये. एकूण जागा किती मिळाली, मग मार्जिन काढ, मग बॉर्डर, मग पॅडिंग. उरेल ती विड्थ. अशी वीस गणितं वेगळ्या आकड्यांची पाठवतोय. एकही चुकलं तर सगळी परत.

आणि नळापासून लांब राहा. नळ खराब असला की माणसाने आपली बादली उचलावी.

मामा


४ मार्च

मामा,

२५०. अधिक ४० म्हणजे २९०, अधिक १० म्हणजे ३००, अधिक २० म्हणजे ३२०. त्रिक ९६०. वीसच्या वीस गणितं सोबत आहेत. तुम्ही चूक शोधालच, पण सापडणार नाही.

कोळशाने फरशीवर चौकोन काढून सराव करतो. परवा नळ सुटला होता. दोघांनी धरलं तेव्हा मी मनात आठवं गणित घेतलं, पॅडिंग पंधरा, बॉर्डर दोन. मोजा बरगडीवर बसला की उत्तर विसरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. सहाव्या खेपेला उत्तर आलं. डावी एक बरगडी आत टोचते, श्वास घेताना. गणित मात्र पक्कं झालं. तुमच्या हाताखालीही असंच पक्कं व्हायचं.

एक विचारायचंय. निवडलेल्या पाचांपैकी एक आमच्याच बराकीत आहे. आम्ही त्याला कारकून म्हणतो. बाहेर असताना ऑफिसात कारकून होता, जाड भिंगाचा चष्मा, हाडं मोजावीत असा बारीक. मेहुण्याला गच्चीवरून ढकलल्याबद्दल आत आहे. 'ढकललं नाही हो, तो घाईत होता,' असं सांगतो. नळाचे कोर्टाचे अर्ज तोच लिहितो, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. माझी फरशी बघून तो म्हणाला, 'एवढी वजाबाकी कशाला करतोस? पानाच्या डोक्यावर एक ओळ लिहायची. मग विड्थमध्येच पॅडिंग आणि बॉर्डर धरतात. तीनशे लिहिलं की चौकट धरून तीनशे. फक्त मार्जिन वेगळं.' मी म्हटलं, मामांनी असं सांगितलं नाही. तर खो खो हसला. म्हणाला, 'तुझा मामा कुठल्या जमान्यात राहतो?'

अशी ओळ आहे का? असली तर शिकवा. माझा जीव त्या ओळीवर टांगलाय.

तुमचा भाचा


१५ मार्च

भाच्या,

अशी ओळ नाही. नाही म्हणजे नाही.

मी बारा वर्षं हे काम करतोय, ऑफिसातल्या फायली वर-खाली करत नव्हतो. चौकोन किती जागा खातो हे प्रत्येकाने आपल्या हाताने मोजायचं असतं. एक ओळ लिहिली आणि मशीनने सगळं मोजलं, तर मग माणूस कशाला पाहिजे? माकडही करील.

हा कारकून तुला पाडायला बसलाय एवढं तुला दिसत नाही? स्वतःची जागा पक्की झाली, आता सहावी आपल्या कुणाला तरी मिळवून द्यायची असेल. आणि तू त्याचं ऐकून मला विचारतोस, आहे का म्हणून! मला हसतो काय? तुझ्या जागी मी असतो तर त्याला पुन्हा हसायला दात उरू दिले नसते.

वीस गणितांत चूक नाही. सतराव्यात आठ हा आकडा गचाळ काढलायस.

मामा


२९ मार्च

मामा,

दात उरू दिले नाहीत.

मंगळवारी सकाळी अंघोळीच्या हौदापाशी रांग होती. कारकून माझ्या पुढे. मी त्याला सांगितलं, मामांचं पत्र आलं, अशी ओळ नाही. तो वळला, अगदी समजुतीने म्हणाला, 'अरे, आहे रे. तुझे मामा खोटं बोलतायत.' आणि हसला. मी त्याची मान धरली आणि तोंड हौदाच्या दगडी कडेवर आपटलं. पहिल्यांदा ओला आवाज आला, दुसऱ्यांदा कोरडा. तो ओरडला नाही, कारण ओरडायला जबडा जागेवर लागतो. खाली बसला आणि हातात दात गोळा करायला लागला. त्याचा चष्मा फरशीवर पडला होता. तो मी पायाने हळूच बाजूला सारला, कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. आणि मग त्याला आणखी दोन लाथा घातल्या.

त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय, तारेने शिवलाय. मी पंधरा दिवस एकट्याच्या कोठडीत आहे. मॅडमनी माझं नाव यादीत ठेवलं. म्हणाल्या, मारामारी केली म्हणून नाव काढायचं तर खोलीलाच कुलूप लावावं लागेल. पण नळाचा निरोप आलाय. त्याचा अर्ज अर्धा राहिला, लिहिणारा इस्पितळात. 'परीक्षा होईपर्यंत साहेबांचं लक्ष आहे,' असं त्याने सांगितलं. 'पास झालास तर वर जाशील. नापास झालास तर माझ्याकडे येशील. मला घाई नाही.'

कोठडीत भिंत मोठी आहे. रोज चाळीस गणितं करतो. मामा, तुमच्या नावाला कोणी हसलं तर मला सहन होत नाही, एवढंच.

तुमचा भाचा


१० एप्रिल

बाळा,

पत्र वाचता वाचता हातातला कप टेबलाऐवजी बाजूला हवेत ठेवला, फुटला. तुझ्या आईला काही सांगितलेलं नाही.

मी असतो तर असं केलं असतं, तसं केलं असतं, हे माणूस बोलतो. बोलण्याची एक रीत असते. तुला कुणी खरोखर

(वरच्या दोन ओळी मीच खोडल्यात, साहेबांना दोष देऊ नकोस. तिसरीही.)

तर परीक्षा. त्या ओळीचं वगैरे डोक्यातून काढ. गणित पक्कं असलं की कुठलंही पान बसतं. पण मशीनवर बसल्यावर आधी पान वरपासून खालपर्यंत नीट बघून घे. काय काय लिहिलंय ते बघ. एवढंच सांगतो. बघशील ना?

मारामारी करू नकोस.

मामा


२६ मे

मामा,

अक्षर माझं नाही हे तुम्हाला पहिल्याच ओळीत कळलं असेल. मी सांगतोय, शेजारच्या खाटेवरचा माणूस लिहितोय. त्याला बोलता येत नाही, मला लिहिता येत नाही. इस्पितळाने जोडी बरी जमवली.

वीस तारखेला मॅडमनी फाइल उघडून दिली. वरच्या ओळी आधीच लिहिलेल्या होत्या. 'त्यांना हात लावू नका,' म्हणाल्या, 'खाली तुमचं लिहा. तीन चौकोन, ९६० मध्ये, बरोबर बसले पाहिजेत.' पॅडिंग वीस, बॉर्डर पाच, मार्जिन दहा. आकडेसुद्धा तुमचेच! मला हसू आलं. मी २५० लिहिलं. चौकोन आले ते बारके. तिन्ही मिळून ८१०, आणि उजवीकडे दीडशे पिक्सेल नुसता पांढरा पट्टा.

मी कागदावर पुन्हा बेरीज केली. बरोबर आली. पुन्हा केली. पाऊण तास मी बेरीजच करत होतो. ३०० लिहून बघता आलं असतं, बोट तिथपर्यंत गेलंही. पण तुमचं गणित मोडायचा धीर झाला नाही. वेळ संपल्यावर मॅडमना म्हणालो, गणित बरोबर आहे, मशीन चुकतंय. त्यांनी पान वर सरकवलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. 'बॉक्स-सायझिंग, बॉर्डर-बॉक्स. विड्थमध्ये पॅडिंग आणि बॉर्डर धरूनच मोजा, असं सांगणारी ओळ. ही नसलेलं पान मी कित्येक वर्षांत बघितलेलं नाही. तुम्हाला शिकवलं कुणी?'

मी सांगितलं, स्वतःचं स्वतः शिकलो.

बावीस तारखेला दुपारी नळाच्या माणसांनी माझा उजवा हात बराकीच्या लोखंडी दाराच्या फटीत धरला. दार नळाने स्वतः लावलं. उघडलं, पुन्हा लावलं. पुन्हा. तिसऱ्या वेळेला आवाज वेगळा आला. मग तो म्हणाला, 'आज एवढं बस. डावा पुढच्या महिन्यात.' चार बोटांपैकी एक डॉक्टरांनी काढून टाकलं. बाकीची सरळ होतील का ते सांगत नाहीत.

आता दोन गोष्टी. एक. बोर्ड अडकला त्या दिवशी माप मी घेतलं नव्हतं. तुमच्या हातची चिठ्ठी होती माझ्याकडे, बोर्ड सहा फूट. चौकट तुम्ही धरली नव्हतीत. भर चौकात तुम्ही माझ्या कानाखाली मारलीत तेव्हा चिठ्ठी माझ्या खिशात होती. समोरचा रंगारी हसला. तुम्हाला मारता येत नव्हतं. तो समोर होता.

दोन. ती ओळ तुम्हाला माहीत होती का? एका शब्दात सांगा.

भाचा

ता. क. मी लिहिणारा. आपला भाचा सांगतो तसंच्या तसं लिहिलं आहे. मध्ये तो थांबला तिथे मीही थांबलो. माझ्या जबड्याची तार पू झाल्यामुळे पुन्हा घातली आहे, म्हणून अजून इथे. आपण माझ्याबद्दल लिहिलेलं पत्र त्याने मला वाचायला दिलं. आपलं अक्षर सुरेख आहे.


५ जून

होती.

गेल्या दहा-अकरा वर्षांत मी बनवलेल्या प्रत्येक पानाची पहिली ओळ तीच आहे. दातांच्या दवाखान्याची, ड्रायव्हिंग स्कूलची, सगळ्यांची. मी स्वतः वजाबाकी करत नाही. कोणीच करत नाही.

का सांगितली नाही ते लिहायला चार दिवस बसलोय. मी शिकलो तेव्हा ही ओळ मला ठाऊक नव्हती. वर्षभर चौकोन खाली पडायचे आणि मी एकेक पिक्सेल वजा करत बसायचो. एकदा रागाने भिंतीवर मूठ मारून मनगट मोडून घेतलं होतं, तुला सांगितलं शिडीवरून पडलो. मग एक दिवस एका पोरसवदा गिऱ्हाइकाने ती ओळ सहज लिहून दाखवली. वर्षाची मेहनत एका ओळीत गेली. ज्यासाठी मी रक्त आटवलं ते तुला फुकट का द्यायचं, असं मनात आलं. आधी तू सगळी वजाबाकी करशील, घाम गाळशील, आणि मग शेवटच्या पत्रात मी ओळ देईन, असं ठरवलं होतं. मग तो कारकून हसला. त्याने आधी सांगितली आणि वर हसला. मग ती ओळ नाहीच झाली. एकदा नाही म्हटल्यावर एप्रिलमध्ये हो म्हणायला जीभ रेटेना. 'वरपासून खालपर्यंत बघ' एवढंच लिहिलं. तेवढ्यात तू समजून घे, असं. मी समजून घ्यायला लावतो, सरळ सांगत नाही.

चिठ्ठी माझीच होती. शिडीवरून बघताक्षणी कळलं होतं. माप चुकलं असं लोकांपुढे माझ्या तोंडून निघालं नसतं. हात निघाला.

तुमच्या मोठ्या साहेबांना आणि मॅडमना मी सहीनिशी लिहून पाठवलंय. शिकवणं माझं, खोटं माझं, दात पाडण्याची भाषा माझी. परीक्षा पुन्हा घ्या. हाताचं काय झालं आणि ते कुणी केलं तेही लिहिलंय, मुकादम असं स्पष्ट, नळ नव्हे. दोनदा फाटकापर्यंत आलो, भेट मिळाली नाही. कैदी नको म्हणतो, असं सांगितलं. बरोबर आहे तुझं.

परवा त्या रंगाऱ्याच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. तो आत डबे घासत होता. मी आत गेलो नाही.

ज्यांनी तुझं पत्र लिहिलं त्यांना काय लिहू ते सुचत नाही. मी खोटं बोललो आणि त्यांचा जबडा मोडला. एवढं वाचून दाखव.

मामा


२२ जुलै

मामा,

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराकडे बघू नका.

तुमचं पत्र मोठ्या साहेबांच्या टेबलावर गेलं. नळाला दुसऱ्या तुरुंगात हलवलं. जाताना तो माझ्या खाटेवर थुंकला आणि त्याची माणसं अजून इथेच आहेत, त्यांनी महिनाभर मला पाळीपाळीने धुतलं. सकाळी रांगेत कोपर, दुपारी डोक्यावर ताट. डावा हात मी पोटाशी धरून राहायचो. तो परीक्षेला पाहिजे होता.

परीक्षा गेल्या मंगळवारी झाली. मी आधी पान वर सरकवलं, ओळ वाचली, ३०० लिहिलं. डाव्या हाताच्या एका बोटानेसुद्धा दहा मिनिटांत झालं. मग मॅडमनी ती ओळ पुसली आणि म्हणाल्या, आता करा. मी २५० केलं. त्या म्हणाल्या, 'दोन्ही येणारे तुम्ही इथले पहिलेच.' हे तुम्हाला सांगावंसं वाटलं, सांगितलं. त्याने बाकीचं पुसलं जात नाही.

पण एक अट निघाली. सहा माणसं एका खोलीत झोपणार, तेव्हा आधीच्या पाचांनी हरकत नाही म्हणून सही करायची. चौघांनी केली. राहिला कारकून.

शुक्रवारी तो कागद घेऊन मशीनच्या खोलीत आला. पहारेकऱ्याने खिडकीकडे तोंड फिरवलं, म्हणजे त्याला आधी सांगितलेलं असणार. कारकुनाची तार काढलीय, पण जबडा वाकडाच बसलाय. शब्द खडा चघळल्यासारखे येतात. म्हणाला, 'सही करतो. आधी माझं देणं घे.' मग त्याने चष्मा काढला आणि माझ्याच हातात दिला, धर म्हणाला.

त्याने मूठ वळली. कशी वळायची ते त्याला माहीत नव्हतं, अंगठा आत घेतला होता. पहिली गालावर बसली आणि त्यालाच लागली, कळवळला. मग त्याने मशीनचा कीबोर्ड उचलला, ती बटणांची पाटी, आणि दोन्ही हातांनी माझ्या तोंडावर आडवी घातली. बटणं उडाली. दाढ हलली, तोंड रक्ताने भरलं. मग आणखी एकदा, नाकावर. मला ठाऊक आहे तो केवढासा आहे. एका डाव्या हाताने त्याला भिंतीला चिकटवता आलं असतं. माझा हात वळलाही होता. पण त्यात त्याचा चष्मा होता.

मामा, मार बसला की मी लगेच बघतो, समोर कोण आहे. ज्याने मारलं तो नाही, दुसरा कोण, ज्याला देता येईल. तुमच्याकडे असल्यापासूनची सवय. त्या दिवशी पहारेकरी होता, दाराशी त्या पाचांतले दोघे उभे होते. मी कुणाकडे बघितलं नाही. उभा राहिलो. तो दमला, खाली बसला, रडला. मग सही केली. आम्ही दोघांनी गुडघ्यांवर बसून बटणं गोळा केली. एक अजून सापडलेलं नाही, त्या मशीनवर 'ल' उमटत नाही.

कालपासून वर झोपतो. तो पलीकडच्या खाटेवर आहे. बोलत नाही, पण दिवा मालवू का म्हणून विचारतो.

तुम्ही फाटकाशी येता म्हणून कळतं. पुढच्या खेपेला नाही म्हणणार नाही. पण त्याआधी एक काम करा. रंगाऱ्याच्या दुकानासमोर उभे राहिलात म्हणता. समोर नाही, आत जा. चिठ्ठी कुणाच्या हातची होती ते त्याला सांगा. त्याला एकाच डोळ्याने दिसतं, तेव्हा त्याच्या उजव्या बाजूने जा, दचकवू नका. तो हात उचलेल. उचलला तर उभे राहा.

भाचा